पार्किंगचा दंड उत्पन्नाच्या रकान्यात नको

शहराच्या अर्थसंकल्पात जमेच्या बाजूला एक ओळ ठरलेली असते: पार्किंगच्या दंडापोटी मिळणारी रक्कम. पुढच्या वर्षीचा अंदाज बहुधा गेल्या वर्षीपेक्षा चढा धरलेला असतो आणि तो गाठला गेला की विभागाची पाठ थोपटली जाते. पण दंडाची रक्कम वाढायची तर नियम मोडणारेही वाढायला हवेत, निदान होते तेवढे तरी राहायला हवेत. ज्या विभागाचे काम उल्लंघन कमी करणे हे आहे, त्याचे यश आपण उल्लंघनातून आलेल्या पैशाने मोजतो. गस्त चुकीच्या रस्त्यावर जाते, टोइंगवाल्यांची दादागिरी चालते, वसूल न होणाऱ्या चलानांचे ढीग साचतात आणि लोकांचा विश्वास उडतो, यातल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ या हिशेबात आहे. माझे म्हणणे असे की अंमलबजावणीचा खर्च पार्किंगच्या शुल्कातून भागवावा, दंडावर त्याची भिस्त ठेवू नये, आणि दंडाची रक्कम वर्षागणिक घटेल असेच नियोजन करावे.

पार्किंगचे नियम मुळात कशासाठी आले? १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत पहिले पार्किंग मीटर, म्हणजे नाणे टाकून थांबण्याची वेळ विकत घेण्याचे यंत्र, सुरू झाले. दर होता तासाला पाच सेंट. कामावर येणारी माणसे सकाळी दुकानांपुढे गाडी लावत आणि संध्याकाळपर्यंत हलवत नसत, त्यामुळे गिऱ्हाइकांना जागा मिळत नसे, ही त्यामागची तक्रार होती. जागा फिरती राहावी हा हेतू. नगरनियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी पुढे याला एक व्यवहारी माप दिले: रस्त्याकडेच्या जागांपैकी सुमारे ८५ टक्के भरलेल्या असाव्यात, म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यावर एखाददुसरी जागा मोकळी सापडते. जागा शोधत फेऱ्या मारणाऱ्या गाड्या कमी होतात आणि दुहेरी रांगेत गाडी लावण्याचा मोहही कमी होतो. अंमलबजावणी चांगली की वाईट हे ठरवायचे माप हे आहे. किती चलाने फाडली, हे नव्हे.

नियमांच्या दोन जाती आहेत आणि हिशेब करताना त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिल्या जातीत शुल्क न भरणे किंवा भरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबणे येते. इथले नुकसान मर्यादित असते आणि पैशात मोजता येते. दुसऱ्या जातीत अडवणूक येते: बस थांब्यावर, पदपथावर, अग्निशमनाच्या नळासमोर, चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उतारावर, वळणाच्या कोपऱ्यावर. इथे एक गाडी पाच मिनिटे उभी राहिली तरी मागची भरलेली बस अडकते, किंवा खुर्चीवरच्या माणसाला रस्त्यावर उतरावे लागते. या दुसऱ्या जातीची अंमलबजावणी पैशाच्या हिशेबात कधीच परवडत नाही. चालक बहुधा गाडीत किंवा पाच पावलांवर असतो. वॉर्डन, म्हणजे पार्किंग तपासणारा कर्मचारी, येताना दिसला की तो निघून जातो. बस थांबा मोकळा झाला, म्हणजे काम पूर्ण झाले, पण चलान एकही नाही. तेवढ्याच दहा मिनिटांत शुल्काच्या रांगेत दोन चलाने सहज होतात. ज्या विभागावर दंडाचे लक्ष्य लादले आहे तो आपल्या माणसाला कुठे उभा करेल, हे सांगायला नको. म्हणूनच शुल्काच्या रस्त्यांवर दिवसा कडक तपासणी दिसते आणि पदपथावर चढलेल्या गाड्यांकडे कोणी फिरकत नाही. त्यात वॉर्डनचा आळस शोधू नये. त्याला नेमून दिलेले लक्ष्यच तसे आहे.

आता एका वॉर्डनच्या पाळीचा हिशेब मांडू. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण अशा कामात साधारण याच पल्ल्यातले आकडे निघतात. आठ तासांच्या पाळीतून हजेरी, यंत्र ताब्यात घेणे, गस्तीच्या भागापर्यंत जाणे-येणे, जेवण आणि शेवटच्या नोंदी वजा केल्या की रस्त्यावर सहा तास उरतात. त्याच्याकडे ३०० जागा आहेत. समांतर पार्किंगला एका गाडीमागे सुमारे सहा मीटर लागतात, म्हणजे १.८ किलोमीटर चाल. ताशी चार किलोमीटरने ती २७ मिनिटांची झाली. ८५ टक्के जागा भरलेल्या, म्हणजे २५५ गाड्या. प्रत्येकीचा क्रमांक हातातल्या यंत्रावर तपासायला दहा सेकंद धरले तर ४३ मिनिटे. एका चलानाला फोटो, नोंद, छपाई आणि काचेवर लावणे मिळून पाच मिनिटे.

या रस्त्यावर १५ टक्के गाड्यांनी शुल्क भरलेले नसेल तर एका फेरीत ३८ चलाने होतील. त्यांनाच १९० मिनिटे लागतील आणि पूर्ण फेरी २६० मिनिटांची होईल. सहा तासांत जेमतेम दीड फेरीही होणार नाही. चलाने मात्र ५३ निघतील. आता उल्लंघन २ टक्क्यांवर आले असे धरा. फेरीत ५ चलाने, फेरीचा वेळ ९५ मिनिटे, पाळीत जवळजवळ चार फेऱ्या, आणि चलाने फक्त १९. पहिला रस्ता बिघडलेला, दुसरा सुधारलेला. दंडाच्या रकान्यात मात्र पहिला जवळपास तिप्पट चांगला दिसतो.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. उल्लंघन जितके जास्त, तितकी फेरी मंद, आणि फेरी जितकी मंद, तितकी पकडले जाण्याची शक्यता कमी. तासभर फुकट उभ्या राहणाऱ्या गाडीला २६० मिनिटांच्या फेरीत सापडण्याची शक्यता २३ टक्के आहे, ९५ मिनिटांच्या फेरीत ६३ टक्के. म्हणजे बिघडलेला रस्ता आपोआप आणखी बिघडतो आणि सुधारलेला रस्ता थोड्या श्रमात सुधारलेला राहतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने जास्त माणसे लावून उल्लंघन खाली आणायचे आणि मग नेहमीच्या संख्येवर यायचे, ही पद्धत यामुळेच चालते. पण ते पहिले महिने खर्चाचे असतात, आणि दंडाचा हिशेब पाहणारा अधिकारी नेमका तेव्हाच हात आखडता घेतो.

मग सुधारलेल्या रस्त्यावर तोटा होतो का? १५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आल्याने कोणत्याही क्षणी ३३ जास्त गाड्या शुल्क भरत असतात. सहा तासांत ते सुमारे २०० तासांचे शुल्क झाले. गमावली किती? ३४ चलाने. म्हणजे एका चलानातून प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम तासाच्या दराच्या सहापटीपेक्षा कमी असेल तर सुधारलेला रस्ताच जास्त पैसे देतो. शंभरातली साठच चलाने वसूल होत असतील तर छापील दंड दहापटीपर्यंत असला तरी हेच उत्तर येते. वॉर्डनची पाळी संपल्यावरही लोक सवयीने शुल्क भरत राहतात, ते यात धरलेलेच नाही. फायदा होतो, पण तो शुल्काच्या रकान्यात दिसतो. आणि बहुतेक ठिकाणी शुल्काचा रकाना एका विभागाकडे, दंडाचा दुसऱ्याकडे, वॉर्डनच्या पगाराचा तिसऱ्याकडे असतो. एकाच्या खर्चाने दुसऱ्याचे उत्पन्न वाढले की पहिल्याला ते कधी कळत नाही. हे तिन्ही एकाच खात्यात आणणे ही पहिली दुरुस्ती आहे. तिला नवे यंत्र लागत नाही आणि नवा कायदाही बहुधा लागत नाही.

खर्चात सगळ्यात मोठा वाटा पगाराचा, पण पैसा वाया जातो तो दुसऱ्या जागी: फलक आणि पट्ट्यांवर न केलेल्या खर्चामुळे. रस्त्याचे डांबरीकरण होते आणि पांढरे-पिवळे पट्टे महिनोन्‌महिने परत मारले जात नाहीत. फलक झाडाच्या फांदीआड जातो. एकाच खांबावर दोन वेगवेगळ्या वेळा लिहिलेले दोन फलक असतात. ॲपमध्ये रस्त्याचा विभाग-क्रमांक बदलला जातो पण खांबावरची पाटी जुनीच राहते. अशा जागी दिलेले प्रत्येक चलान आक्षेप आला की टिकत नाही. आक्षेप वाचणे, फोटो काढून पाहणे, वॉर्डनचे म्हणणे मागवणे, उत्तर लिहिणे, भरलेले पैसे परत करणे, याला चलान देण्याच्या कित्येक पट वेळ जातो. म्हणून कोणत्याही रस्त्यावर गस्त सुरू करण्याआधी त्या रस्त्याची पायी पाहणी व्हावी, प्रत्येक फलकाचा आणि पट्ट्याच्या प्रत्येक टोकाचा तारखेसह फोटो नोंदवावा, आणि खोदकाम किंवा डांबरीकरण झाले की पट्टे परत येईपर्यंत तिथली चलाने यंत्रातूनच बंद ठेवावीत. पट्टे मारण्याचा खर्च अंमलबजावणीच्या खात्यात धरला तरच विभागाला त्याची निकड वाटेल.

पुराव्याच्या बाबतीत नेमकेपणा लागतो. नंबरप्लेट वाचता येईल असा एक फोटो, गाडी आणि लागू होणारा फलक किंवा पट्टा एकाच चौकटीत दिसेल असा दुसरा, समोरच्या काचेचा तिसरा (आत परवाना किंवा पावती आहे का हे दिसण्यासाठी), आणि अडवणूक असेल तर काय अडले आहे ते दाखवणारा चौथा. यंत्राचे घड्याळ रोज सर्व्हरशी जुळवलेले हवे. शुल्क संपल्याच्या मिनिटाला चलान निघाले आणि घड्याळ चार मिनिटे पुढे असले, तर ते चलान चुकीचे आणि तक्रारदार बरोबर. क्रमांक वाचताना इंग्रजी 'बी' आणि आठ, 'ओ' आणि शून्य यांची गल्लत नेहमीची आहे. शुल्क भरताना माणूसही तीच चूक करतो. एकच अक्षर चुकले आणि पैसे भरल्याची पावती समोर आहे, तर चलान बिनशर्त मागे घ्यावे. तिथे दंड उकळणाऱ्या विभागाला नंतर खऱ्या उल्लंघनातही कोणी सहानुभूती दाखवत नाही.

वेळमर्यादेचा नियम, म्हणजे 'इथे फक्त एक तास', हा राबवायला सगळ्यात महाग. शुल्काचे उल्लंघन एका नजरेत कळते, पण वेळमर्यादेसाठी वॉर्डनला त्याच गाडीपाशी दोनदा जावे लागते आणि मधल्या काळात ती हलली नव्हती हे सिद्ध करावे लागते. जुनी रीत टायरवर खडूची खूण करण्याची. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सहाव्या सर्किट अपील न्यायालयाने मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ शहराच्या खटल्यात ही खूणसुद्धा घटनेच्या दृष्टीने झडतीच आहे असे म्हटले. त्याऐवजी चाकाच्या हवेच्या नळीची दिशा फोटोत नोंदवता येते, पण दोन फेऱ्यांचा खर्च तसाच राहतो. गर्दीच्या रस्त्यावर वेळमर्यादा काढून दर वाढवावा. जास्त थांबणारा आपणहून स्वस्त जागी जातो आणि वॉर्डनची अर्धी पायपीट वाचते.

छतावर कॅमेरे लावलेली तपासणी-गाडी हा सध्या सगळ्यांना मोह पाडणारा उपाय आहे. ॲमस्टरडॅमसारख्या शहरांनी ती सर्रास वापरली आहे. तासाला एका वॉर्डनच्या कित्येक पट क्रमांक ती वाचते. पण ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते: या क्रमांकाने शुल्क भरले आहे का? गाडीतून सामान उतरवणे चालू आहे, अपंगत्वाचा परवाना काचेवर आहे पण क्रमांकाशी जोडलेला नाही, गाडी जागेत आहे की पदपथावर, हे तिला कळत नाही. म्हणून प्रत्येक संशयित नोंद माणसाने फोटो पाहून तपासावी लागते, आणि हा खर्च गाडी विकणाऱ्याच्या दरपत्रकात नसतो. परवाने क्रमांकाशी जोडलेले नसतील, शुल्काची नोंद काही सेकंदांत सर्व्हरवर येत नसेल, तर ही गाडी चुकीच्या चलानांचे कारखाने उघडते. आधी नोंदवही, मग कॅमेरा, हा क्रम चुकवू नये. शुल्क तपासणीतून सुटलेले वॉर्डन घरी पाठवण्यापेक्षा अडवणुकीच्या कामाला लावावेत, यंत्राचा खरा फायदा तिथे आहे.

आता जमेची बाजू. छापलेला दंड आणि हाती आलेला दंड यांत मोठे अंतर असते. ज्यांना भरायचे असते ते पहिल्या काही दिवसांत भरतात. त्यानंतरचा प्रत्येक रुपया, पौंड किंवा डॉलर स्मरणपत्र, मालकाचा शोध आणि न्यायालयीन कारवाई यांच्या खर्चासह येतो. म्हणूनच इंग्लंडमध्ये १४ दिवसांत भरल्यास दंड निम्मा होतो. ही दया नव्हे, वसुलीचा खर्च वाचवण्याची तजवीज आहे. गाडी विकली पण नोंदणी जुन्या मालकाच्या नावावर, पत्ता दहा वर्षांपूर्वीचा, क्रमांक बनावट, या तीन कारणांनी चलान हवेत विरते. तरीही ताळेबंदात ते 'येणे' म्हणून उभे राहते, आणि त्या आकड्याच्या आधारावर पुढच्या वर्षीचा खर्च मंजूर होतो. अर्थसंकल्पात दंडाची जमा धरायचीच तर गेल्या वर्षी प्रत्यक्ष बँकेत आलेली रक्कम धरावी, छापलेली नको.

वसुली सुधारायची तर दंड वाढवण्याआधी खात्री वाढवावी. न्यूयॉर्कमधल्या परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. १९९७ ते २००२ या काळात त्यांच्या नावावर दीड लाखाहून जास्त न भरलेली चलाने साचली, रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक. राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्यावर वसुलीची कारवाई होत नसे. २००२ च्या शेवटी शहराला न भरणाऱ्यांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार मिळाला आणि न भरलेली चलाने सुमारे ९८ टक्क्यांनी घटली. दंडाचा आकडा तोच होता. जपानने २००६ मध्ये दुसरी वाट धरली: चालक सापडला नाही तर गाडीचा मालक जबाबदार, आणि थकबाकीदाराच्या गाडीला मुदतीची वाहन-तपासणी पूर्ण करून मिळत नाही. जी तपासणी मालकाला कधी ना कधी करून घ्यावीच लागते तिच्याशी थकबाकी जोडली, की वसुलीसाठी दारोदार फिरावे लागत नाही. मात्र ही जोडणी करण्याआधी आक्षेपाची सुनावणी वेळेत होईल याची हमी हवी. नाहीतर चुकीच्या चलानासाठी माणसाची गाडी अडकते.

'दंड इतका करा की पुन्हा हिंमत होता कामा नये' ही मागणी प्रत्येक चर्चेत येते. तिचे गणित पाहू. एक तासाचे शुल्क चुकवणे न परवडणारे व्हायचे तर पकडले जाण्याची शक्यता, वसुलीचे प्रमाण आणि दंड यांचा गुणाकार तासाच्या दरापेक्षा जास्त हवा. वरच्या रस्त्यावर ५ टक्के उल्लंघन असताना फेरी साधारण १३५ मिनिटांची होते, शक्यता ४४ टक्के. वसुली ६० टक्के धरली तर दराच्या चौपट दंड पुरतो. पण वॉर्डन पंधरा दिवसांतून एकदा मोहीम म्हणून येत असेल तर तोच हिशेब पन्नासपटीच्या वर जातो. अवाढव्य दंडाची मागणी म्हणजे गस्त नसल्याची कबुली आहे. आणि असा दंड प्रत्यक्षात टिकत नाही. वॉर्डनला तो लावायला संकोच वाटतो, आक्षेप वाढतात, वसुली घसरते, आणि जागच्या जागी 'मिटवून टाकण्याला' भरपूर वाव मिळतो. दंड जितका मोठा, तितकी लाच देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाटून घ्यायला जास्त जागा. शिवाय पकडला गेलेला एकटा माणूस बाकी शंभरांची शिक्षा भोगतो, आणि कमी पगाराच्या माणसाला ती जास्त लागते. दंड मध्यम, फेरी नियमित, हेच न्याय्य आणि हेच स्वस्त.

टोइंगबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण नागरिकांचा राग तिथेच सगळ्यात जास्त आहे आणि तो रास्त आहे. क्रेनगाडी, चालक, दोन मदतनीस, उचललेल्या गाड्या ठेवायचे आवार, तिथला पहारा, विमा, आणि बंपर किंवा गिअरबॉक्सच्या नुकसानीचे दावे, इतका खर्च करून एका फेरीत एक गाडी हलते. अंमलबजावणीतले हे सगळ्यात महाग हत्यार अडवणुकीसाठीच राखून ठेवावे. पण कंत्राट 'प्रति गाडी' असले की कंत्राटदार अग्निशमनाच्या वाटेत अडकलेली जड गाडी सोडून पटकन उचलता येणाऱ्या, आवाराजवळच्या गाड्या शोधतो. पट्ट्याबाहेर हातभर आलेली दुचाकी त्याला सगळ्यात सोयीची. टोइंगचे पैसे उपलब्धतेवर द्यावेत: इतक्या क्रेन, इतके तास, बोलावल्यापासून इतक्या मिनिटांत हजर. कोणती गाडी उचलायची हे कंत्राटदाराच्या माणसाने ठरवू नये, ते अधिकाऱ्याने फोटोसह नोंदवावे. मालक गाडी उचलून होण्याआधी आला तर चलान देऊन गाडी सोडावी, कारण अडथळा दूर झाला.

जॅमरचे, म्हणजे चाकाला लावायच्या कुलपाचेही तसेच. अडवणूक करणाऱ्या गाडीला जॅमर लावणे म्हणजे तो अडथळा आणखी काही तास तिथेच खिळवून ठेवणे. जॅमरचा रास्त उपयोग एकच: अनेक चलाने थकवलेली गाडी कायदेशीर जागेत उभी सापडली तर. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जमिनीवर कायदेशीर अधिकाराशिवाय जॅमर लावायला २०१२ मध्ये बंदी आली. सोडवण्याच्या शुल्कावर पोट भरणाऱ्या खासगी मंडळींनी आधी जो धुमाकूळ घातला होता, त्याचा तो शेवट होता.

कंत्राटात ज्या गोष्टीचे पैसे मोजाल तीच गोष्ट तुम्हाला मिळेल. फ्रान्सने १ जानेवारी २०१८ पासून देशभराचा १७ युरोंचा फौजदारी दंड काढून प्रत्येक शहराला आपली रक्कम ठरवू दिली. पॅरिसने तपासणी खासगी कंपन्यांकडे सोपवली आणि तपासण्यांच्या संख्येचे लक्ष्य दिले. काही आठवड्यांतच एका कंत्राटदाराची माणसे जागेवर न जाता खोट्या तपासण्या नोंदवत असल्याचे उघड झाले. चलानांऐवजी तपासण्या मोजणे हे योग्य दिशेचे पाऊल होते, पण तपासणी खरी झाली का हे पाहणारा स्वतंत्र डोळा नव्हता. यंत्राची जागा उपग्रहाने नोंदवणे, प्रत्येक तपासणीला फोटो, आणि पालिकेच्या वेगळ्या चमूने महिन्यातून काही रस्ते न सांगता पडताळणे, इतके तरी कंत्राटात हवे.

शिकागोने यापेक्षा मोठी चूक केली. डिसेंबर २००८ मध्ये शहराने आपली सुमारे ३६,००० मीटर ७५ वर्षांसाठी खासगी गुंतवणूकदारांना दिली, १.१५ अब्ज डॉलरला. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी म्हटले की या हक्काची किंमत त्यापेक्षा सुमारे ९७.४ कोटी डॉलरने जास्त होती. किमतीहून जास्त झोंबणारी गोष्ट अशी की रस्ता बंद केला किंवा जागा काढली तर शहराला कंपनीला भरपाई द्यावी लागते. बसची मार्गिका किंवा सायकलचा पट्टा आखण्याआधी आपल्याच रस्त्यासाठी परवडते का हे पाहायचे! कोणत्याही शहराने रस्त्याकडेच्या जागेवरचा निर्णयाचा हक्क विकू नये. देखभाल द्या, वसुली द्या, पण पाच वर्षांच्या आतबाहेर, आणि दर व जागा ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवून.

पैसा कुठे जातो यावर लोकांचा विश्वास ठरतो. ब्रिटनच्या १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्यात रस्त्यावरच्या पार्किंगचे वेगळे खाते ठेवण्याची आणि त्यातली शिल्लक वाहतुकीशी संबंधित ठराविक कामांवरच खर्च करण्याची तरतूद आहे. २०११ मध्ये लंडनमधल्या बार्नेट परगण्याने रहिवाशांच्या परवान्याचा दर ४० वरून १०० पौंडांवर नेला होता. हा कायदा महसूल उभारण्यासाठी नाही, असे सांगून उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती वाढ बेकायदा ठरवली. नेदरलँड्समध्ये शुल्क न भरणाऱ्याकडून एका तासाचे शुल्क आणि वसुलीचा खर्च इतकेच घेतले जाते, आणि त्या खर्चाला राष्ट्रीय कमाल मर्यादा आहे. दंडाचे हे रूप मला सगळ्यात प्रामाणिक वाटते: तुमच्यामुळे जो खर्च झाला तो तुम्ही द्या. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाने १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत मीटर बसवताना तिथले उत्पन्न त्याच भागाच्या पदपथांवर, दिव्यांवर आणि साफसफाईवर खर्च करण्याचे ठरवले, आणि मीटरना विरोध करणारे व्यापारीच पाठीशी उभे राहिले.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे: दर वाढवून अंमलबजावणी चालवली तर नियम पाळणाऱ्यावरच बोजा पडेल, मोडणारा सुटेल. सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव याचे उत्तर देतो. २०११ पासून तिथे प्रत्येक टप्प्यावर गर्दी पाहून दर वर-खाली करण्याचा प्रयोग झाला, भरणा सोपा केला, वेळमर्यादा सैल केल्या. सरासरी दर तासाला २.६९ वरून २.५८ डॉलरवर आला, कारण कितीतरी रस्ते निष्कारण महाग होते. प्रयोगाच्या भागात मीटरमागची चलाने २३ टक्क्यांनी घटली. लोक मुद्दाम फसवतात त्यापेक्षा सुटे नसल्यामुळे, यंत्र बिघडल्यामुळे किंवा काम लांबल्यामुळे जास्त वेळा चुकतात. भरणे सोपे केले की उल्लंघनाचा मोठा भाग वॉर्डनशिवाय नाहीसा होतो, आणि उरलेल्यांवर लक्ष देता येते.

बदल करायला चालू कंत्राट संपण्याच्या किमान वर्षभर आधी सुरुवात करावी लागते. आधी दोन आठवडे प्रत्येक रस्त्यावर ठराविक तासांना मोजणी: किती जागा भरल्या, किती गाड्यांनी शुल्क भरले, किती ठिकाणी अडवणूक. ही मोजणी चलान देणाऱ्यांनी करू नये. मग निविदेत पैसे गस्तीच्या पडताळलेल्या तासांचे ठेवावेत, आणि त्यात थोडा वाढीव भाग शुल्क भरणाऱ्यांच्या प्रमाणावर व मोकळ्या राहिलेल्या बस थांब्यांवर. एकूण गस्तीचा ठरलेला वाटा, निदान तिसरा हिस्सा, अडवणुकीसाठी राखीव असावा आणि त्यात चलान शून्य निघाले तरी कोणाला जाब विचारला जाऊ नये. तीच मोजणी दर सहा महिन्यांनी त्याच तासांना परत करून रस्तानिहाय आकडे जाहीर करावेत, शेजारी त्या रस्त्याचे शुल्क, प्रत्यक्ष वसूल दंड, मागे घेतलेली चलाने आणि पट्टे-फलकांवरचा खर्च लिहून. पहिल्या वर्षी दंडाची जमा अर्थसंकल्पात गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष वसुलीपेक्षा कमी धरावी आणि ती तूट शुल्काच्या वाढीव अंदाजातून भरून दाखवावी. लेखा विभाग यावर हरकत घेईल. त्यांच्यापुढे वॉर्डनच्या एका पाळीचा वरचा हिशेब आपल्या शहराच्या दराने मांडून ठेवावा.